इटालियन बंदुकीला लागलेल्या मुंग्या

औरंगपुऱ्यातल्या आमच्या दुकानात नवीन गिऱ्हाईक शिरलं, की काउंटरमागे मला बघून हमखास विचारायचं, "मालक कुठं गेले?" मी म्हणायचे, "बोला ना." मग ते माझ्या डोक्यावरून मागच्या कपाटाकडे बघत, आवाज खाली आणून सांगायचं, "नाय, जरा बंदुकीचं काम व्हतं." मी पापड-कुरडया विकायला बसले आहे आणि बंदुका चुकून माझ्या मागे येऊन उभ्या राहिल्या आहेत, असा त्या बिचाऱ्याचा समज असायचा.

दुकान माझ्या सासऱ्यांचं, म्हणजे दादांचं. खरं तर ते मुलाकडे जायचं. पण आमचे हे शाळेत गणित शिकवायचे आणि गल्लीत लवंगी फुटली तरी कानात बोटं घालायचे. दादांनी काही दिवाळ्या वाट पाहिली आणि एक दिवस मला विचारलं, "सूनबाई, तुला फटाक्यांची भीती वाटते का?" मी नाही म्हणाले. एवढीच माझी मुलाखत. पुढे दादा गेले, शहराचं नाव बदललं, दुकानाची पाटी नव्यानं रंगवून झाली, आणि मी काउंटरमागेच राहिले. आता दुकान पुतण्या बघतो आणि मी गारखेड्याला घरी बसून गुडघे सांभाळते. तरी एखादं जुनं गिऱ्हाईक फोन करतंच, "ताई, दोन्हींत भारी कंची?" हा एकच प्रश्न मी जन्मभर ऐकला आणि त्याचं धड उत्तर मला कधी देता आलं नाही. एकदा मात्र ते माझ्यासमोर दुसऱ्यानंच दिलं. ती हकीकत सांगायची म्हणूनच हा लेख लिहायला बसले.

पण आधी धंदा काय असतो ते सांगते. लोकांना वाटतं, बंदुकीच्या दुकानात काळे चष्मे घातलेली माणसं येतात. आमच्याकडे यायचे ते रानडुकरांनी जेरीस आणलेले शेतकरी, बँकेच्या दारात उभे राहणारे माजी सैनिक, आणि नेमबाजी करणारी पोरं. परवाना पाहिल्याशिवाय आम्ही बंदूक हातातसुद्धा देत नाही. आणि घेतलेली बंदूक ज्याच्या परवान्यावर चढली त्याचीच. ती भावाची नाही, बायकोची नाही, पोटच्या पोराचीही नाही. हे सांगितलं की अर्धी गिऱ्हाइकं हिरमुसतात. त्यांना ती घरातल्या मिक्सरसारखी सगळ्यांनी वापरायची असते.

निवडणूक लागली की परवान्याच्या बंदुका जमा कराव्या लागतात. कुणी पोलीस ठाण्यात करतो, कुणी आमच्यासारख्या दुकानात. त्या दिवसांत आमच्या मागच्या खोलीचा जनरल वॉर्ड व्हायचा. एक निवृत्त हेडमास्तर होते, ते दर शनिवारी आपल्या दुनळीला भेटायला यायचे. सोबत धुतलेलं मलमल. जाळीबाहेर उभे राहून विचारायचे, "बरी आहे ना? शेजारी कोण ठेवलंय?" शेजारी एका ठेकेदाराची बंदूक होती. ते मास्तरांना आवडलं नाही. मी जागा बदलून दिली, तेव्हा कुठे त्यांचा जीव भांड्यात पडला. एका जोडप्यातल्या बाई मला हळूच म्हणाल्या होत्या, "जरा चॉकलेटी दाखवता का? सोफा चॉकलेटी आहे." मी दाखवली. घेतलीही त्यांनी. अजून त्या सोफ्यावरच्या भिंतीला असेल आणि एकही बार न काढता म्हातारी झाली असेल.

आता मुद्द्याची गोष्ट. एकनळी आणि दुनळी सगळ्यांना ठाऊक असते. सेमी-ऑटोमॅटिक म्हणजे काय, तर एकदा चाप ओढला की एकच बार उडतो, पण रिकामं काडतूस आपोआप बाहेर पडतं आणि पुढचं आपोआप आत बसतं. हे काम बाराचाच वायू करतो. नळीला आतून बारीक भोकं असतात, त्यातून थोडा वायू खाली शिरतो आणि बाकीचा कारभार तोच ढकलतो. ती भोकं म्हणजे तिचा गळा. गळा साफ तर बंदूक साफ. हे वाक्य मी गिऱ्हाइकाला इतक्या वेळा ऐकवलं आहे की आमच्या घरी कुणी खोकलं तरी माझ्या तोंडून तेच निघतं.

यात स्वस्त कोणती आणि भारी कोणती? आमच्याकडे हिशेब उलटा आहे. बाहेरदेशातून नवी कोरी बंदूक आणणं साध्या परवानाधारकाला जमत नाही. त्यामुळे विलायती म्हणजे कधीकाळी कुणीतरी आणलेली, वापरलेली, या हातातून त्या हातात फिरलेली. ती महाग. आणि कारखान्यातून कालच आलेली, कागदात गुंडाळलेली आपल्या देशातली ती स्वस्त. गिऱ्हाइकाला हे पटवता पटवता तोंडाला फेस यायचा. "जुनी महाग अन् नवी सस्ती? ताई, बंदुका इकता का पैठण्या?" असं एकानं विचारलं होतं.

फरक असतो, नाही असं नाही. विलायती चाप लोण्यासारखा चालतो, खांद्याला धक्का कमी बसतो आणि हलक्या काडतुसावरही ती कुरकुर करत नाही. देशी बंदूक दणका देते, आणि हलकं काडतूस घातलं की कधी कधी पुढचं आत घ्यायचं विसरते. पण या सगळ्याच्या वर एक गोष्ट आहे. बंदूक अंगाला बसली पाहिजे. ती कशी ओळखायची ते दादांनी मला पहिल्या आठवड्यात शिकवलं. बंदूक रिकामी आहे याची दोनदा खात्री करायची. मग गिऱ्हाइकाला डोळे मिटून ती खांद्याला लावायला सांगायची आणि म्हणायचं, आता डोळे उघडा. नळीच्या टोकावर मण्याएवढी खूण असते, तिला आम्ही माशी म्हणतो. डोळे उघडताच ती माशी सरळ समोर दिसली तर बंदूक तुमची. नाही दिसली, तर ती कितीही भारी असो, परक्याचीच.

हे मी पिशोरच्या बापूरावांनाही सांगितलं होतं.

बापूराव म्हणजे कन्नड तालुक्यातले बडे बागायतदार. आडवा बांधा, पांढरा सदरा, बोलणं घाटाखाली ऐकू जाईल असं. त्या साली आल्याला भाव बरा लागला होता. मक्यात रानडुकरांनी धुमाकूळ घातला होता, म्हणून पीक संरक्षणाचा परवाना त्यांच्याकडे होता आणि वडिलांची एकनळी आता दमली होती. दसऱ्याच्या थोडं आधी ते दुकानात आले. सोबत धाकटी लेक मनीषा, विशी ओलांडलेली, इथेच कॉलेजात शिकणारी.

मनीषाला मी आधीपासून ओळखत होते. उडत्या मातीच्या तबकड्या बंदुकीनं फोडायचा जो खेळ असतो, त्यात ती उतरली होती. क्लबची बंदूक सगळ्यांत मिळून एक, तीही एखाद्या सहा फुटी गड्याच्या मापाची. खांद्याला टेकणाऱ्या त्या लांब लाकडी दस्त्यापायी पोरीच्या खांद्यावर आणि गालावर कायम काळानिळा डाग. दसरा झाला की विभागाची निवड चाचणी होती. त्यात निवड झाली तर पुढे राज्याच्या संघापर्यंतची वाट मोकळी होणार होती, नाही झाली तर तिचं शिक्षण संपत आलेलं आणि पुढे काय होणार ते तिला न सांगता कळत होतं. खेळाडू म्हणून तिचा स्वतःचा परवाना नुकताच हातात आला होता. म्हणजे त्या दिवशी दोन परवाने होते आणि दोन बंदुका घ्यायच्या होत्या.

दुकानातही तेव्हा योगायोगानं दोनच सेमी-ऑटोमॅटिक होत्या. एक इटालियन, एका जुन्या शिकारी घराण्यातून आलेली, अक्रोडाचा दस्ता आणि बाजूला कोरलेली पाखरं. दुसरी आपली देशी, काळी, साध्या लाकडाची, नाव घेण्यासारखं काही नाही.

मी दोघांकडून डोळे मिटवून घेतले. मनीषानं इटालियन खांद्याला लावली, डोळे उघडले आणि हसली. माशी सरळ समोर. मग बापूरावांनी तीच लावली. त्यांची मान जाड, छाती भरलेली.

"काय दिसतंय?" मी विचारलं.

"पंखा दिसायलाय," बापूराव म्हणाले.

"माशी?"

"पंख्यावर एक हाय."

मी म्हटलं, "मग झालं तर. इटालियन मनीषाला घ्या आणि तुम्ही देशी घ्या. डुकरांना काय, आवाज झाला की पुरे."

बापूराव माझ्याकडे असं पाहू लागले, जणू मी त्यांना लेकीची साडी नेसायला सांगितली. "ताई, उलटं बोलायलाव तुम्ही. दसऱ्याला आमचे व्याही यायलेत. थोरलीचे सासरे. त्यांच्या त्या दुनळीचं कवतिक बारा वर्सं झाली ऐकायलोय आम्ही. ह्या दसऱ्याला माझ्या पाटावर काय ठिवू, ही काळी? इटालियन मला. अन् हिला साधी. हिला मातीच्या ताटल्याच फोडायच्यात."

"चाचणी आहे तिची."

"असंल की. पण ही उद्या लगीन करून जाईल, तिच्या परवान्यावरची बंदूक तिच्यासंगं जाईल. एवढी भारी वस्तू दुसऱ्याच्या घरात कामून घालायची?"

मला राग आला. राग आला की मी चहा मागवते. ही दादांची शिस्त. बंदुकीच्या दुकानात रागावलेल्या माणसाचे हात कपबशीत गुंतलेले बरे. चहा आला. मी मनीषाकडे बघितलं. ती देशी बंदूक उलटीसुलटी करून बघत होती. म्हणाली, "काकू, साधी चालंल मला. फक्त दस्ता कापून द्या."

मी पुन्हा एकदा बापूरावांना बजावलं, की एकदा परवान्यावर चढली की अदलाबदल होणार नाही. ते म्हणाले, "कोण करायलंय?" मी दुसरा चहा मागवला.

आमच्याकडे उस्मानचाचा म्हणून कारागीर होते. दादांच्या काळापासूनचे. माणसं कमी आणि बंदुका जास्त ओळखायचे. त्यांनी मनीषाला समोर उभं केलं, शिंप्यासारखी पट्टी लावली, आणि दस्त्यावर पेन्सिलीनं खूण केली. "बेटी, गाल इधर रख. हौ, ऐसाच. अब हिलना नक्को." लाकूड कापलं, घासलं, पुन्हा लावून पाहिलं, पुन्हा घासलं. आतले भाग काढून मऊ कापडानं इतके पॉलिश केले की त्यात त्यांची दाढी दिसायला लागली. हलकं काडतूस अडकू नये म्हणून हा खटाटोप. बापूराव तोवर काउंटरवर इटालियनवरची कोरलेली पाखरं मोजत बसले होते. शेवटी मनीषानं डोळे मिटून ती काळी बंदूक लावली आणि डोळे उघडले. चाचांनी विचारलं, "दिखी?" ती म्हणाली, "दिसली." चाचा मला म्हणाले, "भाभी, अब ये बंदूक दूसरे के काम की नै रही." ते कौतुकानं म्हणत होते.

जाताना दारात मनीषानं वडिलांना विचारलं, "आबा, दसऱ्याला माझी पण आणू का पूजेला?"

"नको," बापूराव म्हणाले. "एक पुरं. तू बी नाय आली तरी चालंल, तुझा सराव ऱ्हाईल."

ती बरं म्हणाली आणि गॉगल लावला. दुकानात ऊन नव्हतं.

दसरा झाला. आम्हीही दुकानात पूजा केली, कुंकवाचं बोट आणि झेंडूचं फूल, तेही बंदुकीच्या पेटीवर. आणि दसऱ्यानंतर दोनच दिवसांनी सकाळी सकाळी बापूराव एकटेच दुकानात आले. आवाज नेहमीच्या निम्मा. त्यांनी पेटी काउंटरवर ठेवली आणि म्हणाले, "ताई, तुमची इटालियन फसवी निघाली. बार व्हईना."

मी पेटी उघडली. बंदूक रिकामी आहे का ते बघायला बाजूचा खटका मागे ओढला, तर तो ओढला जाईना. जोर लावला तेव्हा चिकट आवाज करत अर्धा मागे आला आणि आतून एक मुंगी बाहेर पडली. तिच्यामागे दुसरी. मग रांगच लागली. काउंटरच्या काचेवरून ती रांग शिस्तीत चालत माझ्या चहाच्या कपाकडे वळली. इतक्या वर्षांत मी बंदुकीतून गंज निघताना पाहिला होता, झुरळ पाहिलं होतं, एकदा तर हरवलेली अंगठी निघाली होती. मुंग्या पहिल्यांदाच.

चाचांनी फटीत बोट घातलं, वास घेतला आणि हळूच जिभेला लावलं. "भाभी," ते गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, "ये तो शहद है."

मी बापूरावांकडे पाहिलं. बापूराव पंख्याकडे पाहू लागले.

हळूहळू सगळं बाहेर आलं. पाटावर इटालियन ठेवली होती. व्याही आले, बघितली, मान डोलावली. इथवर सगळं झकास. मग बापूरावांनी कुंकू लावलं, तेव्हा व्याही म्हणाले, "आमच्याकडं बी अशीच करतात. नुसतं कुंकू." या 'अशीच'नं घात केला. व्याह्यांच्यासारखीच पूजा करायची होती तर इटालियन कशाला आणली? बापूरावांनी तिथल्या तिथे पंचामृत मागवलं. दूध, दही, तूप, मध, साखर. आणि चांगला वाटीभर अभिषेक केला.

"नळीत?" मी विचारलं.

"वरून घातलं व्हतं. खाली गेलं आपसूक."

"मग पुसली नाही?"

"देवाचं पुसतात का, ताई?"

पुढचं आणखी वाईट होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी नेमकी डुकरं मक्यात शिरली. व्याही मुक्कामाला होतेच. ते म्हणाले, चला, बघू तुमची भारीवाली. बांधावर उभं राहून बापूरावांनी हवेत बार काढायला चाप ओढला. काहीच झालं नाही. पुन्हा ओढला. डुकरं खायची थांबून बघायला लागली. शेवटी व्याह्यांनी दोन्ही हातांनी टाळ्या वाजवल्या आणि डुकरं पळाली. "टाळ्यांनी, ताई," बापूराव मला म्हणाले. त्यांचे डोळे खरोखर भरले होते, आणि मी ओठ चावून बसले होते. चाचा मागच्या खोलीत गेले आणि बराच वेळ तिथून खोकल्याचा आवाज येत राहिला. मी म्हणालेही नाही, गळा साफ ठेवा म्हणून.

चाचांनी बंदूक पूर्ण उघडली. ज्या बारीक भोकांतून वायू जायचा तिथे, आणि काडतुसावर ठोका मारणाऱ्या खिळ्यावरही, मध आणि तुपाची खडीसाखर झाली होती. एकेक भाग रॉकेलात भिजवायला टाकून ते म्हणाले, "शाम तक बैठना पडता, पाटील."

बापूराव खुर्चीत बसले. तेव्हा मी विचारलं, "आज काय आहे, ठाऊक आहे ना?"

"काय?"

"मनीषाची चाचणी. रेंजवर. आत्ता थोड्या वेळात."

"म्हणली व्हती काहीतरी," बापूराव म्हणाले. मग जरा थांबून म्हणाले, "आजच व्हय?"

या वेळी मी चहा मागवला नाही. दुकान चाचांवर सोडलं, स्कूटी काढली आणि बापूरावांना मागे बसायला सांगितलं. त्यांना बाईमाणसाच्या मागे बसायची सवय नव्हती आणि माझ्या स्कूटीला बापूरावांची. शहर ओलांडून रेंजवर पोचेपर्यंत त्यांनी प्रत्येक गतिरोधकावर देवाचं नाव घेतलं.

रेंजवर मुलं-मुली ओळीनं उभी होती. बापूरावांनी बंदुका ओळखायला घेतल्या. आता त्यांची नजर तयार झाली होती. "ती इलायती. ती बी. ती तर माझ्यापेक्षा भारी दिसायलीय." मग मनीषा दिसली. कापलेल्या दस्त्याची काळी बंदूक घेऊन. ओळीत सगळ्यांत साधी तिचीच होती. बापूरावांनी दाखवायला वर केलेलं बोट खाली घेतलं.

खेळ असा असतो, की आपण आवाज दिला की समोरच्या खड्ड्यातून तबकडी सुटते. कोणत्या बाजूला ते आधी कळत नाही. ती जमिनीवर पडायच्या आत फोडायची. पहिला बार चुकला तर दुसरा मारायची मुभा. मनीषाच्या सुरुवातीच्या काही तबकड्या अख्ख्याच उडून गेल्या. मग तिला सूर सापडला. आवाज, बार, आणि हवेत मातीचा ढग. आवाज, बार, ढग. बापूराव प्रत्येक ढगाला मान हलवत होते.

आणि मग ज्याची मला धास्ती होती तेच झालं. पहिला बार चुकला आणि दुसरं काडतूस आत गेलंच नाही. हलकं काडतूस, देशी बंदूक. मनीषानं नळी समोर धरून ठेवली आणि हात वर केला. पंच तिच्याकडे चालत निघाले.

"काय झालं?" बापूरावांनी विचारलं.

"अडकली."

"कामून? हिला तर कुणी पंचामृत घातलं नाय."

"साधी आहे ना," मी म्हणाले. "साध्या बंदुका अडकतात कधी कधी."

बापूराव उभे राहिले. "माझी द्या तिला. चाचांना फोन लावा. माझी आणा."

"तुमच्या परवान्यावर आहे ती."

"मग बदला की, ताई. तुम्हीच देता ना लिहून? आत्ता बदला."

"बापूराव, ती बंदूक आहे. लग्नात चपला बदलतात तशी बदलता येत नाही."

ते तसेच उभे राहिले. एवढा मोठा माणूस, हात कुठे ठेवावेत ते त्याला कळत नव्हतं. मला त्यांचा राग होता, तो तिथे कुठेतरी सांडून गेला. तिकडे पंचांनी बंदूक तपासली. चूक पोरीची नाही म्हणून तीच तबकडी पुन्हा द्यायची असं ठरलं. मनीषानं बाही कपाळावरून फिरवली, काडतुसं भरली, गाल त्या कापलेल्या लाकडावर टेकवला. तिनं आवाज दिला. तबकडी उजवीकडे सुटली आणि पहिल्याच बाराला तिचा भुगा झाला.

त्यानंतर बंदूक अडकली नाही. मनीषा विभागाच्या संघात आली. शेवटच्या जागेवर, पण आली.

ती आमच्याकडे चालत आली तेव्हा मला वाटलं, आता बापूरावांचा आवाज घाटाखाली जाणार. पण नाही. लेकीच्या हातातल्या रिकाम्या बंदुकीच्या दस्त्यावरून त्यांनी बोट फिरवलं, जिथे चाचांची करवत चालली होती तिथे. मग विचारलं, "खांदा दुखतो का गं?"

"दुखायचा," मनीषा म्हणाली. "आता सवय झाली."

"कवापासून दुखायचा?"

मनीषानं माझ्याकडे बघितलं. मी रेंजच्या पलीकडच्या टेकडीकडे बघायला लागले. माझेही डोळे भरले होते आणि मला कुणाला ते दाखवायचं नव्हतं.

परत येताना क्रांती चौकाच्या गर्दीत मागून आवाज आला, "ताई, तुम्ही म्हणला व्हता." सिग्नल सुटला होता, मागचे हॉर्न वाजवत होते. मी नुसती मान हलवली. ती त्यांना दिसली की नाही कोण जाणे.

पुढच्या दसऱ्याला मला आणि चाचांना पिशोरहून आग्रहाचं बोलावणं आलं. चाचा वाटेत म्हणत होते, "भाभी, ब्रश रख लेऊं क्या थैली में?" आम्ही पोचलो तेव्हा ओसरी भरली होती. व्याहीही होते. बारीक चणीचा, हसऱ्या डोळ्यांचा माणूस. टाळ्या वाजवणारे हेच का, म्हणून मी त्यांच्या हातांकडे पाहून घेतलं.

भिंतीला लागून दोन पेट्या ठेवल्या होत्या. इटालियनची आणि देशीची, शेजारी शेजारी. दोन्हींवर कुंकवाचं एकेक बोट, पेटीवर, बंदुकीवर नाही. पाट मात्र मधोमध मांडला होता आणि त्यावर मनीषा बसली होती. राज्याच्या संघाचा शर्ट घातलेला, अवघडून, कान लाल झालेले. "आबा, पुरे ना आता," ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. बापूरावांनी तिच्या कपाळाला कुंकू लावलं. मग अक्षता घेतल्या आणि त्या डोक्यावर टाकायच्या ऐवजी तिच्या उजव्या खांद्यावर ठेवल्या, जिथे दस्ता टेकतो तिथे. हळूच, दुखेल म्हणून. मनीषा मग खाली बघत राहिली.

व्याह्यांनी दोन्ही पेट्यांकडे पाहिलं आणि बापूरावांना छेडायला म्हणून माझ्या जन्माचा प्रश्न विचारला, "पाव्हणे, खरं सांगा. दोन्हींत भारी कंची?"

मी कान टवकारले.

"पेट्यात काय बघता?" बापूराव म्हणाले. "भारी पाटावर बसवलीय. ती दोन्ही लोखंडं हायेत."

मग त्यांनी पंचामृताची वाटी उचलली. चाचांचा हात नकळत थैलीकडे गेला. बापूरावांना ते दिसलं. ते आमच्याकडे बघून म्हणाले, "घाबरू नका, ह्या वेळेस हातावर द्यायलोय," आणि त्यांनी लेकीच्या तळहातावर चमचाभर पंचामृत ठेवलं.